एका मासिकांतले दोघे कादंबरीकार

देवळ्याहून मालेगांव-धुळ्याच्या वाटेनें गेलें म्हणजे पुढें पारोळें लागतें. खानदेशांतील या गांवीं ८ मार्च १८६४ रोजीं हरि नारायण आपटे यांचा जन्म झाला. काशीबाई कानिटकर यांचा जन्म त्याच्या तीन वर्षें आधींचा, १८६१ सालचा. त्यांचें गांव दक्षिणेकडे कृष्णा-वारणेच्या मुलुखांतील आष्टें. दोन गांवांमध्यें अडीचशेंहून अधिक मैलांचें अंतर; परंतु त्याहून मोठें अंतर दुसरेंच होतें. एक मुलगा होता व त्यास शाळेंत घालावयाचें होतें. दुसरी मुलगी होती व तिला नवव्या वर्षीं सासरीं पाठवावयाचें होतें. असें असतां पंचविशीच्या आंतबाहेर या दोघांनीं एकाच मासिकांत कादंबऱ्या लिहाव्या, एकमेकांचें लिखाण वाचावें आणि हा स्नेह आयुष्याच्या अखेरपर्यंत टिकावा, ही एकोणिसाव्या शतकांतील पुण्यांत घडलेली गोष्ट साधी नव्हे.

त्या काळीं मराठी कादंबरी कोठें होती तें आधीं ध्यानांत घेतलें पाहिजे. बाबा पदमनजी यांचें 'यमुनापर्यटन' १८५७ चें. हळबे यांची 'मुक्तामाला' १८६१ ची, म्हणजे काशीबाईंच्याच वयाची. गुंजीकरांचें 'मोचनगड' १८७१ चें. यमुनापर्यटनांत विधवांचीं दुःखें आलीं खरीं. पण तो प्रवाह तेथेंच थांबला आणि पुढें पुष्कळ दिवस राजपुत्र, अरण्यें, हरण केलेल्या नायिका व योगायोगानें भेटलेले मायबाप यांचेंच राज्य चाललें. १८७३ सालीं साळूबाई तांबवेकर यांनीं 'चंद्रप्रभाविरहवर्णन' लिहिलें. स्त्रीच्या हातची कादंबरी म्हणून त्याचें नांव राहिलें आहे, परंतु तीहि जुन्याच वळणाची. इंग्रजी शिकलेल्या तरुणांच्या हातीं रेनॉल्ड्सच्या कादंबऱ्या असत. ज्या घरांत तो तरुण जेवतो, झोंपतो, ज्या घरांत त्याची बहीण केशवपन होऊन कोपऱ्यांत बसलेली असते, तें घर कादंबरीचा विषय होऊं शकतें, ही कल्पना अजून कोणाच्या मनांत नीट रुजलेली नव्हती.

हरिभाऊ लहान असतांच त्यांची आई वारली. मुंबईस आणि नंतर १८७८ पासून पुण्यास चुलते महादेव चिमणाजी आपटे यांच्या छत्राखालीं त्यांचें शिक्षण झालें. १८८० सालीं निघालेल्या न्यू इंग्लिश स्कूलचे ते विद्यार्थी. विष्णुशास्त्री चिपळूणकर १८८२ सालीं वारले तेव्हां या विद्यार्थ्यानें 'शिष्यजनविलाप' हें शोककाव्य लिहिलें. आणि आगरकरांनीं हॅम्लेटचें 'विकारविलसित' केलें तेव्हां त्या भाषांतरावर मोठा टीकालेख लिहून आपल्याच गुरुजींचे दोष दाखविण्यासहि मागेंपुढें पाहिलें नाहीं. त्या गुरुशिष्यांचें कौतुक वाटतें तें असें कीं, यामुळें कोणाचें कोणाशीं वांकडें आलें नाहीं. डेक्कन कॉलेजांत मात्र गणितानें हरिभाऊंना जेरीस आणलें व पदवी हातीं न लागतांच त्यांनीं कॉलेज सोडलें. मराठी कादंबरीनें गणिताचे आभार मानावे अशी ही आपत्ति होय. १८८५ सालीं 'पुणेंवैभव' पत्रांतून त्यांची 'मधली स्थिति' येऊं लागली. तिचें बीज रेनॉल्ड्सचें. पण माणसें, बोलणें आणि घरें पुण्याचीं.

काशीबाईंची वाट निराळी. शाळेचें तोंड त्यांनीं पाहिलें नाहीं. पति गोविंद वासुदेव कानिटकर शिकलेले, काव्याचे नादी. पत्नीनें वाचावें, लिहावें अशी त्यांची इच्छा, आणि घर मोठ्या एकत्र कुटुंबाचें. सुनेच्या हातीं पुस्तक दिसणें म्हणजे घरांत अवदसा येणें, अशी वडीलधाऱ्या बायकांची समजूत. नवऱ्याची मर्जी एकीकडे व सासरची रीत दुसरीकडे, अशा कात्रींत त्या काळच्या कित्येक मुली सांपडल्या. रमाबाई रानड्यांनीं १९१० सालीं प्रसिद्ध झालेल्या आपल्या आठवणींत अशाच घराचें चित्र काढलें आहे. आज देवळ्या-कळवणाकडील एखादी मुलगी ओटीवर वर्तमानपत्र उघडून बसली तर कोणी वळूनहि पाहणार नाहीं. काशीबाईंना तेंच काम लपूनछपून, टोमणे सोसून करावें लागलें. मराठी पुस्तकांपासून त्यांनीं आरंभ केला आणि पुढें इंग्रजी वाचनापर्यंत मजल मारली. ज्या बाईनें अक्षर अशा रीतीनें मिळविलें तिला केवळ वाचून समाधान होणें कठीणच होतें.

गोविंदरावांच्या स्नेहामुळें हरिभाऊ त्या घरांत आले. गोविंदराव स्वतः कवि, हॅम्लेटच्या मागें लागलेले तेहि एक भाषांतरकार, आणि मिल्लच्या स्त्रियांच्या परवशतेवरील ग्रंथाचे मराठी भाषांतरकार. तेव्हां पुस्तकें, नाटकें आणि नवीं मासिकें हा नित्याचा विषय. या संभाषणांत गृहिणीहि बसते, मत देते, वाद घालते, हें दृश्य त्या काळीं पुण्यांत किती घरांत दिसलें असतें? परक्या पुरुषासमोर उभें राहणें हाच जेथें मर्यादाभंग, तेथें भावाच्या नात्यानें का होईना, साहित्यावर बरोबरीनें बोलणें ही नवीच तऱ्हा. या स्नेहाचें श्रेय देतांना गोविंदरावांचा वांटा विसरतां कामा नये. आपल्या पत्नीची बुद्धि दुसऱ्या बुद्धिमान पुरुषानें मानली यांत ज्याला कमीपणा वाटला नाहीं असा तो गृहस्थ होता.

'मनोरंजन आणि निबंधचंद्रिका' या मासिकाच्या संपादनांत गोविंदरावांचा हात होता. त्यांत १८८६ पासून काशीबाईंची 'रंगराव' क्रमशः प्रसिद्ध होऊं लागली. त्याच मासिकांतून हरिभाऊंची 'गणपतराव' ही कादंबरीहि येत होती, आणि ती अपुरीच राहिली. दोघेहि नवशिके, दोघांनाहि नाव मिळवावयाचें, दोघांचीहि दृष्टि सुशिक्षित ब्राह्मणी घरावर. आणि गंमत पाहा, दोघांनींहि आपल्या ग्रंथास पुरुषाचेंच नांव दिलें! स्त्रीशिक्षण व विवाह हे विषय स्त्रीनें लिहावयास घेतले तरी दारावर पाटी मात्र 'रावां'ची. वाचकांची संवय, मासिकाची रीत, कीं स्वतःच्या धाडसावरील पडदा? तिन्ही गोष्टींचा थोडथोडा अंश त्यांत असावा.

तो काळच असा होता कीं घरांतील गोष्टी कोर्टांत व वर्तमानपत्रांत येऊं लागल्या होत्या. रखमाबाईंवरील दावा १८८४ मध्यें उभा राहिला आणि चार वर्षें गाजला. आनंदीबाई जोशी अमेरिकेंतून डॉक्टर होऊन आल्या आणि २६ फेब्रुवारी १८८७ रोजीं पुण्यास वारल्या. त्यांचें मराठी चरित्र लवकरच काशीबाईंनीं लिहिलें. एका स्त्रीनें दुसऱ्या स्त्रीचें चरित्र लिहावें हा प्रकार मराठींत तेव्हां नवाच. १८८९ सालीं मुंबईस राष्ट्रीय सभा भरली तीस ज्या थोड्या स्त्रिया हजर होत्या त्यांतहि काशीबाई होत्या. अशा वेळीं कादंबरी म्हणजे केवळ करमणूक राहिली नाहीं. दोघांचीहि महत्त्वाकांक्षा केवळ नांव मिळविण्याची होती असें म्हटल्यास त्यांच्यावर अन्याय होईल. परंतु नांवाची इच्छाच नव्हती असें म्हणणें हा दुसरा अन्याय होईल.

ऑक्टोबर १८९० मध्यें हरिभाऊंनीं 'करमणूक' सुरू केलें आणि त्यांतून 'पण लक्ष्यांत कोण घेतो?' ही कादंबरी येऊं लागली. ती चालू असतांच १८९१ चा संमतिवयाचा कायदा झाला व गांवोगांवीं वादाचें रान पेटलें. या कादंबरींत सुधारणेचें व्याख्यान जवळजवळ नाहीं. यमू नांवाची मुलगी लहानपणापासूनची आपली हकीकत आपल्याच तोंडानें सांगते. दुर्गी, शंकरमामंजी, सासरचें माजघर, आजोळ, बायकांच्या कुजबुजी हें सर्व त्या मुलीच्या दृष्टीनें दिसतें. पुरुषाच्या लेखणीनें स्त्रीचा 'मी' इतक्या विश्वासानें बोलला, ही मराठींत फार मोठी गोष्ट झाली.

हा आवाज हरिभाऊंना कोठून मिळाला? प्रतिभा होतीच, आणि मोठ्या घरांत वाढलेल्या, आईवेगळ्या मुलाची बारीक नजरहि होती. तथापि चुलीपाशीं काय बोललें जातें, नवऱ्यानें दिलेलें पुस्तक सून कोठें लपविते, सासूच्या चाहुलीनें ती काय करते, या गोष्टी बाहेरच्या दिवाणखान्यांत बसून कळत नाहींत. ज्या एका घरांत हरिभाऊंना असें जग भोगून आलेली आणि त्याविषयीं निर्भीडपणें बोलणारी लेखिका रोज भेटत होती, तें घर कानिटकरांचें. यमू म्हणजे काशीबाई असें म्हणण्याचें कांहींच कारण नाहीं. यमू विधवा होते व तिची शोकान्तिका अगदीं वेगळी आहे. पण यमूच्या बोलण्यांतील घरगुती सत्य या मैत्रीवांचून इतकें पक्कें झालें असतें काय, असा प्रश्न दोघांचें चरित्र एकत्र वाचणाऱ्याच्या मनांत उठल्याशिवाय राहत नाहीं.

येथून पुढें दोघांच्या वाटा असमान होऊं लागल्या. साप्ताहिकाच्या अंकाची निकड हरिभाऊंच्या पाठीशीं सतत होती. ती त्रास देई, पण लिहवूनहि घेई. 'मी', 'उषःकाल', 'गड आला पण सिंह गेला' अशीं सामाजिक व ऐतिहासिक पुस्तकें एकामागून एक बाहेर पडलीं. १८८८ सालीं चुलत्यांनीं स्थापिलेल्या आनंदाश्रमाची व्यवस्थाहि त्यांच्याकडे आली आणि त्यामुळें पुण्यांत पाय रोवून राहतां आलें. काशीबाईंना ना साप्ताहिक, ना आश्रम. न्यायखात्याच्या नोकरीमुळें गोविंदरावांच्या बदल्या होत. नवें गांव, नवें घर, आणि लेखनाची बैठक दर वेळीं मोडलेली. 'रंगराव' मासिकांत सुरू झाल्यापासून तिला पुस्तकाचें रूप येईपर्यंत १९०३ साल उजाडलें. सतरा वर्षें गेलीं. तेवढ्या अवधींत हरिभाऊ मराठीचे पहिले कादंबरीकार म्हणून सर्वमान्य झाले होते. काशीबाईंच्या ठिकाणीं थोडी असूया असती तरी ती मनुष्यस्वभावास धरूनच झाली असती. परंतु स्नेह तुटला नाहीं. अंतर पडलें त्यामुळें पत्रें वाढलीं, इतकेंच.

मराठी वाङ्मयाच्या इतिहासांत या दोघांची नांवें बहुधा निरनिराळ्या प्रकरणांत येतात. हरिभाऊ 'कादंबरी'खालीं, काशीबाई 'स्त्रीलेखिकां'खालीं. ही विभागणी सोयीची असेल, पण एकाच मासिकाच्या पानांवर शेजारीं छापलेल्या दोन लेखकांना ती उगाच दोन खोल्यांत बसविते. साहित्याच्या बाबतींत पडदा मोडणाऱ्यांनाच पुढच्या पिढीनें पुन्हा पडद्याआड न्यावें, हें चमत्कारिकच.

१९१२ सालीं अकोल्याच्या साहित्य संमेलनाचें अध्यक्षपद हरिभाऊंना मिळालें. गोविंदराव १९१८ मध्यें वारले, आणि पुढच्याच वर्षीं, ३ मार्च १९१९ रोजीं, हरिभाऊहि गेले. काशीबाई त्यानंतर जवळजवळ तीस वर्षें जगल्या. १९२८ सालीं, सदुसष्टाव्या वर्षीं, त्यांची 'पालखीचा गोंडा' प्रसिद्ध झाली. वैभवाच्या हव्यासानें एका वेडसर संस्थानिकास दिलेली मुलगी पुढें राज्याचा कारभार स्वतः हातीं घेते आणि स्त्रियांना विद्या व उद्योग मिळेल असें संस्थान घडविते, अशी तिची कथा. तरुणपणीं 'रंगरावा'च्या नांवाआडून बोललेल्या लेखिकेनें या वेळीं एका स्त्रीला सरळ गादीवर बसविलें. हें पुस्तक वाचून पहिला अभिप्राय ज्यानें दिला असता तो स्नेही तेव्हां हयात नव्हता. १९२९ सालीं काशीबाईंनीं त्याच्या पत्रव्यवहारावर आधारलेलें चरित्र प्रसिद्ध केलें. 'मधली स्थिति'च्या दिवसांतला तो तरुण हरि आपटे कसा होता, हें पुढच्या वाचकांना पुष्कळसें त्यांच्याच पुस्तकावरून कळलें.