सँडोच्या डंबेल्सपासून सूर्यनमस्कारापर्यंत: औंधचा व्यायाम आणि कुंडलचा कारखाना

एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस महाराष्ट्रात अंग कमवण्याच्या दोन वाटा होत्या. पहिली तालमीची. जोर, बैठका, जोडी, करेला, मल्लखांब आणि तेल, ताक, हळद घालून मऊ केलेली हौद्यातली लाल माती. तिथे वस्ताद सांगेल ते आणि तेवढेच करायचे. शिष्याने मेहनतीचा क्रम आपल्या मनाने बदलणे तालमीच्या रिवाजात बसत नसे. दुसरी वाट टपालाने येत होती. युजेन सँडो हा प्रशियातील क्योनिग्सबर्गचा, १८६७ साली जन्मलेला पहिलवान. लंडनच्या रंगमंचावर ताकदीचे खेळ करून त्याने नाव मिळवले आणि मग त्या नावाचाच धंदा केला. १८९७ मध्ये त्याचे गाजलेले पुस्तक निघाले, लंडनमध्ये व्यायामसंस्था उघडली आणि पुढच्याच वर्षी मासिक सुरू झाले. हलकी डंबेल्स, ताणायचे रबरी पट्टे आणि कोणत्या वयात कोणता व्यायाम किती वेळा करायचा याची कोष्टके त्याच्याकडे विकत मिळत. १९०१ मध्ये त्याने अल्बर्ट हॉलमध्ये शरीरसौष्ठवाची स्पर्धा भरवली. शेरलॉक होम्सचे जनक आर्थर कॉनन डॉइल तिच्या परीक्षकांत होते. १९०४-०५ च्या सुमारास सँडोने हिंदुस्थानचा दौरा केला, पण त्याचे साहित्य त्याच्या आधीच इथल्या सुशिक्षित घरांत पोहोचलेले होते.

अशा घरांतले एक औंध संस्थानच्या राजघराण्याचे. भवानराव श्रीनिवासराव पंतप्रतिनिधी यांचा जन्म १८६८ चा. डेक्कन कॉलेजात शिकलेले, चित्रकलेचे आणि कीर्तनाचे वेड असलेले हे राजपुत्र लहानपणी अंगाने स्थूल होते आणि त्यासाठी त्यांनी तालमीतली मेहनतही केली होती. १८९७ मध्ये त्यांनी सँडोची साधने आणि पुस्तके मागवली आणि पुढची सुमारे दहा वर्षे ती पद्धत नेमाने चालवली. दहा वर्षांचा नेम ही हौस म्हणता येणार नाही. नवे साधन आणून महिन्याभरात माळ्यावर टाकणाऱ्यांपैकी ते नव्हते, आणि म्हणूनच त्यांनी नंतर केलेल्या बदलाला वजन आहे.

१९०८ च्या सुमारास मिरजेचे राजे गंगाधरराव पटवर्धन यांनी त्यांना सूर्यनमस्कारांकडे वळवले. मिरजकरांनाही बाळासाहेब म्हणत आणि औंधकरांनाही, त्यामुळे जुन्या मजकुरात कोणते बाळासाहेब कोणाला सांगत आहेत याचा घोटाळा होतो. सूर्यनमस्कार काही नवीन नव्हते. समर्थ रामदास रोज बाराशे नमस्कार घालीत असे परंपरा सांगते, आणि कर्मठ घरांत ते उपासनेचा भाग म्हणून चालूच होते. पण तिथे ते पूजेच्या खात्यात जमा होते, व्यायामाच्या नव्हे. तालमीतला जोर आणि देवघरातला नमस्कार यांच्या हालचाली जवळच्या असूनही दोन्ही वेगवेगळ्या माणसांच्या ताब्यात होत्या.

भवानरावांनी या नमस्काराला शिस्त लावली. औंधच्या पद्धतीत दहा अंक होते. हात जोडून ताठ उभे राहायचे, मग गुडघे न वाकवता खाली वाकून तळवे जमिनीवर टेकायचे. एक पाय मागे, मग दुसरा मागे नेऊन कंबर वर. त्यानंतर कपाळ, छाती, दोन तळवे, दोन गुडघे आणि दोन पावले टेकवून साष्टांग. तिथून छाती पुढे काढून मान मागे, आणि मग त्याच क्रमाने उलट परत. एकदा टेकलेले तळवे उभे राहीपर्यंत जागचे हलवायचे नाहीत, हा यातला कळीचा नियम. नवशिक्याला नेमके तेच जमत नाही. परतताना पाय हातांच्या रेषेत येत नाही, मग तो हात मागे ओढून वेळ मारून नेतो. हात ओढला की कंबर आणि मांडीचा ताण जातो आणि नमस्कार नुसता उरकला जातो. अंकांबरोबर श्वासाचा क्रम बांधलेला होता आणि प्रत्येक नमस्काराआधी बीजमंत्रासह सूर्याचे एक नाव घ्यायचे होते. उच्चारामुळे मोजणीही होई आणि दोन नमस्कारांमध्ये श्वासाला थारा मिळे.

सँडोच्या पद्धतीत एकेक स्नायू वेगळा काढून त्याला काम दिले जाई. आरशात त्याचा परिणाम लवकर दिसे, पण कोष्टक संपले की वजन आणि आवर्तने वाढवण्यापलीकडे पुढे काही उरत नसे. शिवाय साधन विलायतेहून यायचे. राजपुत्राला ते परवडले, तरी गावच्या शाळेला परवडणारे नव्हते. नमस्काराला माणसाच्या लांबीएवढी जमीन पुरे. १९०९ मध्ये भवानराव गादीवर आले आणि पुढे संस्थानच्या शाळांत सूर्यनमस्कार सक्तीचे झाले, मुलींनाही. राणीसाहेब आणि राजपुत्रही ते घालीत. भवानरावांनी नमस्कारांसाठी सँडोची पद्धत सोडली असे म्हणणे अर्धेच खरे आहे. रोज ठरल्या वेळी, ठरल्या संख्येने आणि मोजमापाने व्यायाम करायची सवय सँडोच्या दहा वर्षांत पक्की झाली होती, आणि तीच त्यांनी नमस्कारांना लावली. देवघरातल्या नमस्काराला अंक आणि वयानुसार आवर्तने मिळाली ती बहुधा याच वळणाने.

सूर्यनमस्कार स्वीकारल्यावर दोन वर्षांतच औंधच्या हद्दीत एक कारखाना उभा राहू लागला. लक्ष्मणराव काशिनाथ किर्लोस्कर भवानरावांपेक्षा जेमतेम वर्षाने लहान, जन्म १८६९ चा. मुंबईच्या जे. जे. कलाशाळेत चित्रकला शिकायला गेले, पण रंग नीट ओळखता येत नाहीत हे लक्षात आल्यावर यंत्रांच्या आरेखनाकडे वळले. मुंबईत व्हिक्टोरिया ज्युबिली तंत्रसंस्थेत शिक्षकी केली, मग बेळगावात बंधू रामूअण्णांबरोबर सायकलींचे दुकान चालवले. त्यातून कडबा कापायची यंत्रे आणि १९०३ च्या सुमारास लोखंडी नांगर. नगरपालिकेला बेळगावची जागा हवी झाली तेव्हा कारखाना कुठे न्यायचा हा प्रश्न पडला. भवानरावांनी कुंडल रोड स्थानकाजवळची ३२ एकर माळजमीन देऊ केली आणि १० हजार रुपये बिनव्याजी उसने दिले. १० मार्च १९१० रोजी किर्लोस्करवाडीची सुरुवात झाली.

तो माळ निवडुंग आणि सापांनी भरलेला होता. पंचवीसेक कामगार आणि त्यांची कुटुंबे घेऊन वस्ती बसली. इंग्लंडमधल्या लिव्हरचे पोर्ट सनलाइट आणि कॅडबरींचे बोर्नव्हिल यांसारख्या कारखान्याभोवतीच्या वसाहतींबद्दल लक्ष्मणरावांनी वाचले होते. पण कुंडलच्या माळावर त्यांची नक्कल उठवून भागणारे नव्हते. रात्रीच्या पहाऱ्यावर त्यांनी शिक्षा भोगून आलेली माणसे नेमली. परिसरातल्या चोऱ्यामाऱ्यांची वाट त्यांना ठाऊक होती आणि दिलेला विश्वास त्यांनी पाळला.

व्यायामातल्या बदलाशी जवळचे नाते दिसते ते नांगराच्या गोष्टीत. शेतकरी लाकडी नांगर वापरीत होते आणि लोखंडाने जमिनीत विष कालवले जाते अशी समजूत होती. पहिले नांगर खपायला दोन वर्षे लागली. विलायती नांगरही बाजारात होते, पण विलायतेहून आणलेली वस्तू जशीच्या तशी चालवणे आणि हातातली जुनी वस्तू तशीच ठेवणे, या दोन्हींच्या मधली वाट किर्लोस्करांनी धरली. इंग्रजी नांगराची घडण नीट पाहून घ्यायची आणि तो इथल्या जमिनीत, इथल्या बैलांनी ओढला जाईल असा करायचा. नांगराचा फाळ सगळ्यात आधी झिजतो. तो बदलता आला नाही तर पूर्ण नांगर निकामी होतो, आणि सुटा मिळाला तर शेतकरी पुन्हा त्याच दारात येतो. सँडोच्या धंद्यातही गिऱ्हाईक साधनाशी बांधलेले होते, फरक एवढाच की फाळाची गरज शेतकऱ्याला जमिनीमुळे पडत होती, जाहिरातीमुळे नव्हे. औंधच्या राजाने नमस्कार घातले म्हणून किर्लोस्करांचा नांगर खपला असा सरळ संबंध लावणे मात्र धारिष्ट्याचे होईल. दोघांच्या कामाची रीत सारखी होती आणि ती एकाच मुलखात, एकाच सुमारास दिसते, एवढे नक्की.

किर्लोस्करवाडीने आपल्या यशस्वी मालावरही फार काळ रेलून राहणे टाळले. नांगरामागून उसाचे चरक आणि शेंगा फोडायची यंत्रे आली. १९२० मध्ये धंद्याची मर्यादित कंपनी झाली आणि त्याच वर्षी शंकरराव किर्लोस्करांनी ‘किर्लोस्कर खबर’ हे मासिक काढले. कारखान्याच्या मालाची ओळख करून देणारे हे पत्र पुढे ‘किर्लोस्कर’ या नावाने मराठी मध्यमवर्गाचे मासिक बनले. १९३० मध्ये ‘स्त्री’ आणि १९३४ मध्ये ‘मनोहर’ त्याच्या जोडीला आली. १९२६ च्या सुमारास पंप आणि डिझेल इंजिने तयार होऊ लागली. विहिरीवरची मोट जाऊन पंप येणार हा अंदाज नांगराच्या गिऱ्हाइकांकडूनच मिळण्यासारखा होता. संस्थानच्या मुलखात कऱ्हाडजवळ ओगले बंधूंचा काच कारखानाही १९१६ मध्ये उभा राहिला आणि त्यांचा ‘प्रभाकर’ कंदील घरोघर गेला.

सूर्यनमस्कारांचा प्रवास या काळात औंधबाहेर सुरू झाला. १९१८ पासून औंधला राहणारे पंडित सातवळेकर यांनीही त्यावर लिहिले. बंगलोरचे शरीरसौष्ठवपटू के. व्ही. अय्यर यांनी नमस्कार आणि वजने यांची सांगड घातली. भवानरावांना ज्यापासून दूर जावेसे वाटले तेच अय्यरांनी नमस्कारांशेजारी परत आणले, आणि त्यांच्या शिष्यांना ते मानवले. १९३८ मध्ये लुईझ मॉर्गन या पत्रकार महिलेने संपादित केलेले भवानरावांचे इंग्रजी पुस्तक लंडनमध्ये प्रसिद्ध झाले. म्हैसूरच्या राजवाड्यातही नमस्कारांचे वर्ग चालत. पुढे योगवर्गांतून जगभर जे रूप पसरले त्यात हात वर उचलून मागे झुकण्याची स्थिती आली आणि दहा अंकांचे बारा झाले. औंधच्या पद्धतीत ती नव्हती.

१९३९ मध्ये भवानरावांनी संस्थानचा कारभार लोकांच्या हाती सोपवणारी राज्यघटना लागू केली. मॉरिस फ्रिडमन हे पोलिश अभियंते आणि राजपुत्र अप्पासाहेब पंत यांचा त्या खटपटीत वाटा होता आणि गांधीजींचा सल्ला घेतला गेला होता. १९४८ मध्ये गांधीहत्येनंतरच्या दंगलीत किर्लोस्करवाडी जाळली गेली आणि त्याच वर्षी औंध संस्थान विलीन झाले. भवानराव १९५१ मध्ये वारले, लक्ष्मणराव १९५६ मध्ये. तोवर किर्लोस्करांची इंजिने पुण्याजवळ खडकीत आणि विजेच्या मोटारी बंगलोरला बनू लागल्या होत्या. कुंडलच्या माळावर पुन्हा बांधलेल्या कारखान्यात पंप तयार होत राहिले.