अजिंठ्याचा अंधार आणि दोन कॅमेरे

शाळेची सहल घेऊन आम्ही अजिंठ्याला जातो, तेव्हा मुलांच्या हाती मोबाईल असतात. लेण्यांत फ्लॅशला बंदी. तरी क्षणात फोटो निघतो. मोबाईल अनेक फ्रेम जुळवून उजेड वाढवतो. रंगांत थोडा त्याचा अंदाजही मिसळतो.

या अंधाराशी पूर्वीही माणसे झगडली. मेजर रॉबर्ट गिल यांची १८४४ मध्ये नेमणूक झाली. त्यांनी भित्तिचित्रांच्या नकला केल्या. त्यांतील बहुतेक १८६६ मध्ये लंडनच्या क्रिस्टल पॅलेसच्या आगीत जळाल्या. पुढे निजाम राज्याच्या पुरातत्त्व खात्याचे संचालक गुलाम यझदानी यांनी छायाचित्रांवर आधारलेला ‘अजंता’ हा ग्रंथ चार भागांत, १९३० ते १९५५ दरम्यान, सिद्ध केला. एका मुस्लिम विद्वानाने बौद्ध वारसा जगापुढे मांडला, हे आपल्या किती मुलांना ठाऊक आहे?

परवानगीने स्टँडवर ठेवलेला, मोठ्या सेन्सरचा कॅमेरा भिंतीच्या रंगाशी अधिक प्रामाणिक राहतो. आठवणीला मोबाईल पुरतो. नोंदीला कॅमेराच बरा. पण यझदानींनी प्रत्येक चित्राची माहितीही लिहिली. म्हणून आम्ही मुलांना सांगतो : फोटोखाली लेण्याचा क्रमांक आणि तारीख लिहा. नाव नसलेले चित्र उद्या कुणाच्याच कामाचे नसते.