प्रत आणि प्रतवारी : धुळ्यातील हस्तलिखित-संग्रहांच्या निमित्ताने

मराठीत 'प्रत' हा शब्द दोन अर्थांनी रूढ आहे. पोथीवरून उतरून घेतलेली दुसरी पोथी ती प्रत, आणि मालाचा दर्जा तीही प्रतच. जळगावच्या बाजारात कापसाचा पारखी धाग्याची लांबी, बळकटी व स्वच्छता पाहून मालाची प्रत ठरवितो. धुळ्याच्या संग्रहांत अभ्यासक कागद, शाई, अक्षराचे वळण व भाषा पाहून पोथीची योग्यता ठरवितो. १९०६ साली खानदेशाचे पूर्व व पश्चिम असे दोन जिल्हे झाले, त्यांची ही दोन मुख्य ठिकाणे होत. जतन आणि पारख यांचा जो संबंध या एका शब्दात सूचित झाला आहे, त्याचाच विचार येथे कर्तव्य आहे.

धुळ्यास ही परंपरा दोन संस्थांनी रुजविली. शंकर श्रीकृष्ण देव यांनी १८९३ मध्ये सत्कार्योत्तेजक सभा स्थापिली. समर्थ संप्रदायाच्या मठांतून मिळविलेली बाडे व पोथ्या समर्थ वाग्देवता मंदिरात रक्षिल्या गेल्या. दुसरी संस्था राजवाडे संशोधन मंडळ. ३१ डिसेंबर १९२६ रोजी वि. का. राजवाडे धुळ्यास निवर्तले आणि लगेच १९२७ च्या जानेवारीत त्यांच्या नावाने हे मंडळ उभे राहिले. राजवाड्यांचे भाषाविषयक टिपण धातुकोशाच्या रूपाने छापले गेले, ते या मंडळामुळेच.

जतनाचे शास्त्र जुन्या लेखकांसही अवगत होते. तेल, पाणी व सैल बांधणी यांपासून ग्रंथाचे रक्षण करावे, अशी विनवणी पोथ्यांच्या शेवटी वारंवार आढळते. पोथी घट्ट बांधली म्हणजे हवेतील ओल व कसर आत शिरत नाही, हे त्यामागील कारण. चुकलेले अक्षर झाकण्यासाठी हरताळ लावीत. 'हरताळ फासणे' हा वाक्प्रचार त्यावरूनच आला. हरताळ हे सोमलयुक्त द्रव्य असल्याने कीटकांसही ते मानवत नाही. अशी दुरुस्ती अभ्यासकाने दोष समजू नये. मूळ लेखकाचा हात कोठे थबकला, याची ती साक्ष असते.

पारखीचे निकष याहून सूक्ष्म आहेत. अस्सल पत्र, त्याची समकालीन नक्कल, उत्तरकालीन नक्कल आणि बनावट पत्र अशी सामान्यतः उतरंड लावता येते. शिवकालीन राजपत्राच्या अखेरीस मर्यादामुद्रा उठवीत, ती पुढे कोणी मजकूर वाढवू नये म्हणून. परंतु शिक्का खोटा करता येतो. भाषा खोटी करणे त्याहून अवघड. १६२८, १६७७ व १७२८ या सालांच्या पत्रांतील शब्द मोजून फारसीचे प्रमाण कसे उतरत गेले, हे दाखविले गेले आहे. सतराव्या शतकाच्या आरंभीचे म्हणून पुढे आलेले दरबारी पत्र पेशवाईच्या मराठीत असेल, तर त्याचा कागद कितीही जुना दिसो, संशय घेणे प्राप्त आहे.

या पद्धतीची मर्यादा खुद्द राजवाड्यांच्या उदाहरणावरून स्पष्ट होते. १९०९ साली त्यांनी ज्ञानेश्वरी प्रसिद्ध केली. तिची आधारभूत पोथी एकनाथपूर्व आहे असा त्यांचा निर्णय होता, आणि त्याच पाठावर त्यांनी ज्ञानेश्वरीचे व्याकरण रचिले. ती मूळ पोथी आज उपलब्ध नाही. निर्णय राहिला, वस्तू गेली. परिणामी, त्यातील अमुक प्रत्यय तेराव्या शतकाचा, की नकलकाराचा, की संपादकाच्या वाचनाचा, याची फेरतपासणी कागद व अक्षर यांच्या आधारे करणे अशक्य झाले आहे. प्राचीन मराठीच्या व्याकरणातील अनेक विधाने या अनिश्चिततेचा भार वाहत आहेत.

याच्या उलट स्थिती अमेरिकेत दिसते. त्याच १९०९ च्या सुमारास तेथील तंबाखूच्या पाकिटांतून बेसबॉलपटूंची चित्रे निघत असत. त्यांपैकी होनस वॅग्नरचे चित्र अत्यंत दुर्मिळ. १९९१ मध्ये स्थापन झालेल्या एका व्यावसायिक संस्थेने त्याच्या एका नमुन्यास दहांपैकी आठ गुण देऊन ते सीलबंद केले. पुढे २०१३ साली त्याच्या कडा कापल्या होत्या, अशी कबुली एका लिलावकर्त्याने न्यायालयात दिली. येथे निर्णय सदोष ठरला. पण वस्तू राहिली होती, म्हणून त्याविषयी वाद करण्यास काही हाती उरले.

तात्पर्य, कोणतीही प्रतवारी अंतिम नसते. पारखी चुकतो, आणि त्याची चूक पुढच्या पिढीने दुरुस्त करावयाची असते. ती दुरुस्ती शक्य व्हावी एवढ्याचसाठी मूळ वस्तू तिच्या डागांसह, हरताळासह व वाळवीच्या छिद्रांसह जपली पाहिजे. छापील पाठ अथवा छायाचित्र पोथीचा मजकूर देईल. तिची फेरतपासणी मात्र तिच्याच कागदावर होईल. धुळ्यातील रुमालांच्या गाठी घट्ट राहण्याचे महत्त्व यातच आहे.