कव्हरवरचा बुद्ध आणि गाण्यातला बुद्ध : जगभरातले काही अल्बम (१९७३ ते २०१९)

वैशाख पौर्णिमा जवळ आली की विहारात, मंडपात आणि मोबाइलवर ‘बुद्धा म्युझिक’ नावाची एक संथ धून सुरू होते. कव्हरवर ध्यानस्थ बुद्ध असतो. ती धून कुणी केली, कशासाठी केली, तिचा धम्माशी काय संबंध, हे आपण सहसा विचारत नाही. दुसरीकडे, धम्माची साधना करणाऱ्या कलावंतांनी गेल्या पन्नास वर्षांत जॅझ, रॉक, पॉप, रॅप अशा सगळ्या प्रकारांत अल्बम केले; त्यांची माहिती मराठीत फारशी मिळत नाही. म्हणून आम्ही ही नोंद देत आहोत. ज्यांनी धम्म आचरणात आणला, किंवा ज्यांच्या गाण्यांमागे बौद्ध विचार थेट उभा आहे, असेच कलावंत आम्ही निवडले आहेत.

धम्मात गाणे वर्ज्य आहे का?

हा प्रश्न अनेक उपासक विचारतात. उपोसथाला अष्टशील घेणारा उपासक त्या दिवसापुरता नृत्य, गीत, वाद्य यांपासून दूर राहतो. भिक्खूंसाठीही हा नियम आहे. पण पंचशीलात तशी बंदी नाही. दीघ निकायातील सक्कपञ्ह सुत्तात पंचशिख नावाचा गंधर्व वीणा वाजवून गातो आणि भगवान बुद्ध त्याच्या वीणेचा स्वर व गळ्याचा स्वर एकमेकांशी जुळल्याचे कौतुक करतात. गृहस्थाने गाण्यापासून पळावे असे धम्म सांगत नाही. गाणे मनाला कुठे नेते, हे मात्र पाहायला सांगतो.

जॅझ : हर्बी हॅनकॉक, ‘हेड हंटर्स’ (१९७३)

शिकागोचे कृष्णवर्णीय पियानोवादक हर्बी हॅनकॉक १९७२ मध्ये निचिरेन परंपरेच्या बौद्ध साधनेकडे वळले. त्यांच्याच बँडमधील बास वाजवणारे बस्टर विल्यम्स यांनी त्यांना ही वाट दाखवली. सद्धर्मपुंडरीक सूत्राला वंदन करणारा जपानी मंत्र म्हणणे ही त्या परंपरेची मुख्य साधना आहे. तेव्हा हॅनकॉक यांचे संगीत फार अवघड झाले होते आणि श्रोता दुरावत होता. मंत्रपठण करत असतानाच दिशा बदलण्याचा विचार आला, असे त्यांनी आत्मचरित्रात लिहिले आहे. त्यातून वस्तीतल्या लोकांना ठेका धरायला लावणारा ‘हेड हंटर्स’ आला आणि जॅझच्या सर्वाधिक खपलेल्या अल्बममध्ये जाऊन बसला.

त्यांचे मित्र सॅक्सोफोनवादक वेन शॉर्टर हेही त्याच परंपरेतले. दोघांच्या ‘वन प्लस वन’ (१९९७) या अल्बममध्ये शॉर्टर यांनी म्यानमारच्या आंग सान सू की यांच्या नावाने रचलेली धून आहे. तिला ग्रॅमी पुरस्कार मिळाला.

पॉप : टीना टर्नर, ‘प्रायव्हेट डान्सर’ (१९८४) आणि ‘बियाँड’ (२००९)

टेनेसी राज्यातल्या नटबुश या खेड्यात, कापसाच्या मुलखात वाढलेली ही मुलगी चर्चमध्ये गात मोठी झाली. नवरा आणि सहगायक आइक टर्नर याच्याकडून तिने वर्षानुवर्षे मारहाण सोसली. १९७३ च्या सुमारास तिने निचिरेन परंपरेतली साधना सुरू केली आणि १९७६ मध्ये ती घराबाहेर पडली. घटस्फोटात तिने पैशावरचा हक्क सोडला, पण स्वतःचे नाव राखले. पुढे आठ वर्षे लहानमोठे कार्यक्रम करत राहिल्यावर, वयाच्या ४४ व्या वर्षी ‘प्रायव्हेट डान्सर’ने तिला जगभर पोहोचवले. या अल्बममध्ये बुद्धाचे नाव कुठेही नाही. पण उठून उभे राहण्याचे बळ साधनेने दिले, हे ती शेवटपर्यंत सांगत राहिली. ‘बियाँड’मध्ये तिने स्वित्झर्लंडमधील तिबेटी गायिका देचेन शाक-दाग्से आणि स्विस गायिका रेगुला कुर्ती यांच्यासोबत बौद्ध मंत्र आणि ख्रिस्ती प्रार्थना एकत्र आणल्या. २०२३ मध्ये तिचे निधन झाले.

रॅप : बीस्टी बॉइज, ‘इल कम्युनिकेशन’ (१९९४)

न्यूयॉर्कच्या या त्रिकुटाची सुरुवात धिंगाण्याच्या गाण्यांनी झाली. त्यातला अॅडम यॉक नेपाळात ट्रेकिंगला गेला असताना तिबेटी निर्वासितांना भेटला आणि पुढे बौद्ध झाला. या अल्बममध्ये त्याने ‘बोधिसत्त्व व्हाऊ’ हे रॅप घातले. त्याचा आधार आहे नालंदा महाविहाराचे आचार्य शांतिदेव यांचा ‘बोधिचर्यावतार’. आठव्या शतकातला भारतीय विचार असा न्यूयॉर्कच्या रॅपमध्ये पोहोचला. ज्या गाण्यांत तिबेटी भिक्खूंचे आवाज वापरले, त्यांची रॉयल्टी तिबेटच्या कामासाठी काढलेल्या मिलारेपा फंडाकडे वळवली गेली. याच प्रयत्नांतून १९९६ मध्ये सॅन फ्रान्सिस्कोत ‘तिबेटियन फ्रीडम कॉन्सर्ट’ झाली.

मंत्रगायन : आनी चोयिंग डोल्मा, ‘चो’ (१९९७) आणि ‘मोमेंट्स ऑफ ब्लिस’ (२००४)

काठमांडूतील तिबेटी निर्वासितांची ही मुलगी. बापाच्या मारहाणीला कंटाळून १३ व्या वर्षी ती नागी गोम्पा या विहारात गेली. तिथे शिकलेले गायन अमेरिकन गिटारवादक स्टीव्ह टिबेट्स यांनी ऐकले आणि ‘चो’ तयार झाला. ‘मोमेंट्स ऑफ ब्लिस’मधले ‘फूलको आँखामा’ हे गाणे नेपाळात घराघरांत गेले. गाण्यातून मिळालेल्या पैशातून तिने भिक्खुणींसाठी आर्य तारा शाळा काढली. भिक्खुणीने रंगमंचावर गावे का, अशी टीका तिच्यावर झाली. शाळा चालू राहिली, गाणेही चालू राहिले.

कवितेची गाणी : लिओनार्ड कोहेन, ‘टेन न्यू साँग्स’ (२००१)

कॅनडाचे कवी-गायक कोहेन १९९० च्या दशकात कॅलिफोर्नियातील माउंट बाल्डी झेन केंद्रात सुमारे पाच वर्षे राहिले आणि १९९६ मध्ये त्यांनी झेन भिक्षूची दीक्षा घेतली. जन्माने ते ज्यू होते आणि तो धर्म त्यांनी सोडला नाही. केंद्रातून परतल्यावरचा हा पहिला अल्बम. आवाज खाली उतरलेला आणि वाद्ये मोजकी आहेत.

तमिळ रॅप : अरिवु आणि ऑफरो, ‘तेरुकुरल’ (२०१९)

‘तेरु’ म्हणजे रस्ता, ‘कुरल’ म्हणजे आवाज; नावात ‘तिरुक्कुरल’ या प्राचीन ग्रंथावर श्लेष आहे. अरिवु हा दिग्दर्शक पा. रंजित यांच्या पुढाकाराने उभ्या राहिलेल्या ‘कास्टलेस कलेक्टिव्ह’ या चेन्नईच्या बँडमधला. बँडचे नाव आले ते पंडित अयोथी दास यांच्या ‘जातिभेद नसलेले तमिळ’ या शब्दप्रयोगावरून. याच अयोथी दासांनी १८९८ मध्ये मद्रास इलाख्यात बौद्ध धम्माचे पुनरुज्जीवन सुरू केले होते, म्हणजे नागपूरच्या धम्मदीक्षेच्या ५८ वर्षे आधी.

नाव वापरले म्हणून धम्म येत नाही

पॅरिसमधील ‘बुद्धा बार’ या मद्य विकणाऱ्या रेस्टॉरंटच्या नावाने १९९९ पासून संगीताचे संच निघत आहेत. नुसती शांतता विकणाऱ्या संगीताची लाट त्याने आणखी वाढवली. इंडोनेशियात जकार्ता येथे या नावाचे रेस्टॉरंट उघडल्यावर तिथल्या अल्पसंख्य बौद्धांनी निदर्शने केली, कोर्टात गेले आणि २०१० मध्ये कोर्टाने ते बंद करण्याचा आदेश दिला. आपल्या बाजारातल्या ‘बुद्धा म्युझिक’बद्दल आपणही एवढे जागरूक असायला हवे.

आपल्याला तर हे नवीनही नाही. भीमराव कर्डकांचे जलसे, वामनदादांची गीते, विठ्ठल उमपांची शाहिरी यांत गाणे हेच प्रबोधन होते. २६ नोव्हेंबर २०१० रोजी उमपांनी नागपूरला दीक्षाभूमीवर कार्यक्रमातच अखेरचा श्वास घेतला.

म्हणून मंडळांनी आणि विहार समित्यांनी गाणी निवडताना तीन गोष्टी पाहाव्यात, असे आम्हाला वाटते. एक, गाणे कुणी लिहिले आणि कुणी गायले हे माहीत असावे व कार्यक्रमात ते नाव घेतले जावे. दोन, गाणे ऐकणाऱ्याला जागे करते की नुसते गुंगवते, हे तपासावे. तीन, शक्य असेल तिथे अल्बम विकत घ्यावा, म्हणजे पैसा कलावंतापर्यंत जाईल. कव्हरवर कुणाचे चित्र आहे, हे त्यानंतर पाहावे.