फ्यूज, एडिसन आणि माझे कान

तर झालं असं, की गेल्या शनिवारी एका मित्राकडे गाणी ऐकायला जमलो होतो. पठ्ठ्याने कपाटातून मखमली डबी काढली. मला वाटलं अंगठी! निघाला फ्यूज. जेमतेम दोन सेंटीमीटरचा, किंमत १८,००० रुपये. दिसायला तसाच काचेचा फ्यूज लॅमिंग्टन रोडवर पाच-दहा रुपयांत मिळतो. त्याने तो ॲम्प्लिफायरच्या मागे बसवला, किशोरीताईंचा भूप लावला आणि विचारलं, "काय, पडदा सरकल्यासारखं वाटतंय ना?"

आणि मंडळी, मला चक्क वाटलं! तंबोरे जास्त मोकळे, आवाज जरा पुढे आलेला. मी मनापासून मान डोलावली. घरी येताना मात्र डोक्यातला इंजिनियर जागा झाला आणि रविवारची झोप गेली.

फ्यूजचा जन्म संगीतासाठी झालेला नाही, हे उघड आहे. १८४७ च्या सुमारास लुई ब्रेगे या फ्रेंच घड्याळजीने सुचवलं, की तारायंत्राच्या लाइनमध्ये बारीक तारेचा एक तुकडा घालावा. वीज पडली तर तो वितळेल आणि पुढचं यंत्र वाचेल. पुढे घरोघरी दिवे आले आणि १८९० साली एडिसनला त्याच्या फ्यूजचं पेटंट मिळालं. म्हणजे स्वतः जळून दुसऱ्याला वाचवायचं, एवढंच या बिचाऱ्याचं काम.

गंमत पुढेच आहे. याच एडिसनच्या कंपनीने १९१५ पासून फोनोग्राफ खपवण्यासाठी 'टोन टेस्ट' नावाचे कार्यक्रम केले. स्टेजवर गायिका आणि शेजारी यंत्र. ती यंत्राबरोबर गाते, मध्येच थांबते, पुन्हा गाते. मग अंधार होतो. दिवे लागतात तेव्हा गायिका गायब, गाणं चालूच! १९१६ मध्ये न्यूयॉर्कच्या कार्नेगी हॉलमध्ये हा प्रयोग झाला. फरक कळत नाही म्हणून लोक थक्क. आज त्या तबकड्या ऐकल्या तर पत्र्याच्या डब्यात बसून गायल्यासारखं वाटतं. मग तेव्हाच्या लोकांचे कान खराब होते का? अजिबात नाही. त्या कार्यक्रमांत गाणाऱ्या ॲना केसने पुढे म्हातारपणी सांगून टाकलं, की ती आपला आवाज यंत्रासारखा करूनच गायची. बाकीचं काम अंधाराने, तिकिटाने आणि अपेक्षेने केलं. (माझ्या बाबतीत मखमली डबीने!)

उलटी परीक्षाही झाली आहे. १९७८ मध्ये क्वाड कंपनीच्या पीटर वॉकरने जेम्स मॉयरकडून एक चाचणी करवून घेतली. क्वाडचाच जुना व्हॉल्व्हवाला ॲम्प्लिफायर आणि दोन ट्रान्झिस्टरवाले, कुठला वाजतोय ते जाणकारांना न सांगता. ओळखता आलं नाही. १९८७ मध्ये 'स्टीरिओ रिव्ह्यू' मासिकाने तोच प्रयोग काही शे डॉलरपासून १२,००० डॉलरपर्यंतच्या ॲम्प्लिफायरवर केला. निकाल नाणेफेकीइतकाच. म्हणजे अख्खा ॲम्प्लिफायर बदलूनही कळेना, आणि इथे आम्ही दोन सेंटीमीटरची तार बदलून माना डोलावत होतो.

आता सर्किट बघू. मेन्सच्या फ्यूजमधून तबला जात नाही, जाते ती नुसती वीज. पुढे ट्रान्सफॉर्मर, रेक्टिफायर आणि मोठे कपॅसिटर. गाण्याशी संबंध त्यानंतर. त्या फ्यूजवर करंटची दिशा दाखवणारा बाण होता. ५० हर्ट्झवर करंट सेकंदाला १०० वेळा दिशा बदलतो, तो बाण पाळायचा कुणी?

पण प्रामाणिकपणे सांगायचं तर एक जागा आहे जिथे फ्यूज खरंच ऐकू येऊ शकतो. काही जुन्या ॲम्प्लिफायरमध्ये तो स्पीकरच्या वाटेतच असतो. तिथून गाणंच वाहतं. खालच्या सुरांना तार तापते, निवते, तिचा रोध बदलतो आणि मोजता येईल इतकं डिस्टॉर्शन येतं. बॉब कॉर्डेलने आपल्या पुस्तकात हे नीट मांडलंय. त्यावर उपाय मात्र फ्यूज तिथून हलवणं हा आहे, त्याला चांदी लावणं नव्हे.

रविवारी संध्याकाळी पुन्हा मित्राकडे गेलो. वहिनींना पंच केलं. आम्ही बाहेर, त्या दरवेळी प्लग काढून फ्यूज बदलणार किंवा नुसतंच बदलल्यासारखं करणार. १२ फेऱ्या. माझी ७ उत्तरं बरोबर, त्याची ५. साहेब जरा घुश्शातच होते.

मग मी ॲम्प्लिफायरच्या मागची पट्टी वाचली. फ्यूज २ अँपिअरचा लिहिलेला. नव्याच्या टोपीवर ५.

"विकणारा म्हणाला थोडा वरचा घ्या, आवाज मोकळा होतो," मित्र म्हणाला. किटकॅटमध्ये तांब्याची जाड तार गुंडाळणारे महाभाग आपल्याकडे असतातच, हा तोच प्रकार, फक्त डबीतला.

"म्हणजे आत काही जळायला लागलं तर हा वेळेवर उडणारच नाही?" वहिनींनी विचारलं. पलीकडच्या खोलीत त्यांची दोन वर्षांची मुलगी झोपली होती.

मित्राने काही न बोलता प्लग काढला आणि काचेचा जुना फ्यूज परत बसवला. डबी अजून शोकेसमध्ये आहे.