वाड्यामागील बागा

पुण्याच्या जुन्या पेठांतून जाणाऱ्या वाटसरूस वाड्याचे जे दर्शन घडते, ते केवळ भिंतीचे आणि दरवाजाचे होय. दिंडीतून वाकून आत शिरावे, देवडी ओलांडावी, चौक, ओसरी, माजघर असे एकेक टप्पे मागे टाकावेत, आणि मागील दार उघडताच हिरवेगार परसू दृष्टीस पडावे, अशी या घरांची रचना असे. घराचे वैभव रस्त्यास दाखवावयाचे नाही, ते घरातल्या माणसांसाठी राखावयाचे, हीच त्यामागील दृष्टी होती.

या परसबागेत निरुपयोगी असे काही नसे. जास्वंद, पारिजातक, तुळस आणि दूर्वा देवपूजेसाठी. कढीलिंब, शेवगा, लिंबू स्वयंपाकासाठी. अडुळसा आणि गवती चहा दुखण्याखुपण्यासाठी. न्हाणीघराचे पाणी पाटाने केळी, अळू व कर्दळीकडे वळविलेले असे. ज्या काळी घरंदाज स्त्रियांस मोकळेपणाने बाहेर पडता येत नसे, त्या काळी त्यांच्या वाट्यास आलेले आकाश ते एवढेच.

परंतु बाग म्हणजे पाणी. ते कोठून येई? काही वाड्यांत विहीर होती. शिवाय नानासाहेब पेशव्यांनी इ. स. १७५० च्या सुमारास कात्रजच्या तलावातून भूमिगत नळ बांधून शहरात पाणी आणले. वाटेत ठिकठिकाणी उच्छ्वास बांधलेले, आणि उतार असा साधलेला, की कोणत्याही यंत्रावाचून पाणी शनिवारवाड्यापर्यंत पोहोचावे. १८२८ च्या आगीत त्या वाड्यातील इमारती जळाल्या, तरी तेथील हजारी कारंजाची जागा त्या पाण्याची साक्ष आजही देत आहे. पुढे नाना फडणीस आणि रास्ते यांनीही नळ आणविले. बदामी हौद, साततोटी हौद ही नावे पुणेकरांच्या तोंडी राहिली, ती त्याच जलव्यवस्थेची स्मृती होय.

आता एक गोष्ट ज्ञातिसंस्थेच्या अंकात स्पष्टपणे सांगितली पाहिजे. जे पाणी एकाच डोंगरातून आले, ते हौदावर येताच जातीजातींत वाटले गेले. परसूची शीतल छाया आम्ही कौतुकाने आठवतो. पण त्या विहिरीवर कोणाची घागर चालत नव्हती, हे आठवत नाही. महात्मा जोतीराव फुले यांनी १८६८ मध्ये गंज पेठेतील आपल्या राहत्या घरचा हौद अस्पृश्य मानलेल्या बांधवांस खुला केला. भिंतीआड जपलेल्या पाण्याचे दार त्यांनी आतून उघडले. १८९० मध्ये त्यांचे निधन झाले. त्यांच्या अस्थींवरील वृंदावन त्याच वाड्याच्या परसात आहे, आणि तेथे आज कोणासही जाता येते. पुण्यातील वाड्यामागील बागा पाहावयास निघालेल्याने आपली फेरी येथेच संपवावी, असे आम्हांस वाटते.

इतर परसांची कथा मात्र वेगळी झाली. वाटण्या झाल्या, तेव्हा बागेत भिंती उभ्या राहिल्या. बिऱ्हाडे वाढली, तशा परसात खोल्या निघाल्या. १९४७ च्या भाडे नियंत्रण कायद्याने भाडी गोठली आणि डागडुजीस पैसा उरला नाही. १२ जुलै १९६१ रोजी पानशेतचे धरण फुटले, आणि नदीकाठच्या पेठांतील मातीविटांचे कित्येक वाडे एका दिवसात जमीनदोस्त झाले. जे उरले, त्यांतील अनेकांच्या जागी पुढे सदनिका आल्या. विहिरी बुजल्या, त्यांवर वाहने उभी राहिली.

यात दोष कोणा एकाचा नाही. दाटीच्या शहरात माणसास राहावयास जागा हवीच. तथापि ज्या कुटुंबांत परसू पाहिलेली वडीलधारी माणसे अजून आहेत, त्यांच्याजवळ आमची एक विनंती आहे. एका संध्याकाळी आजीजवळ बसावे आणि लिहून घ्यावे : विहीर कोठे होती, बकुळ कोणत्या कोपऱ्यात, केळीस पाणी कोठून जाई, आणि त्या दारातून कोणास आत येता येत नव्हते. शेवटचा प्रश्न विसरू नये. फुलांचा सुगंध आणि मिटलेले दार, ही दोन्ही आपल्याच घरची वारसापत्रे आहेत. त्यांतील एकच वाचले, तर आपल्या घराचा इतिहास आपण अर्धाच वाचला, असे होईल.