आगबोट ते रो-रो : बोटीवरचा माणूस

मरोळच्या कारखान्यांत राबलेल्या कोकणी माणसाला भाऊचा धक्का समजावून सांगावा लागत नाही. पाळी संपवून, ट्रंक डोक्यावर घेऊन आधीच्या पिढीने तेथूनच जयगड, रत्नागिरी, मालवण गाठले. ऐंशीच्या दशकात ती आगबोट बंद पडली. तिच्याविषयी पुष्कळ लिहिले गेले, पण ते प्रवाशांच्या बाजूने. बोटीवर राबणाराचा इतिहास आम्हांस त्यात फारसा सापडत नाही.

बहुतेक बंदरांत बोट धक्क्यास लागत नसे. ती खोल पाण्यात उभी राही आणि पडाव तिला जाऊन भिडे. लाटेबरोबर पडाव वर आला की नेमक्या त्या क्षणी म्हातारीस दंडाला धरून शिडीवर घ्यावयाचे, मूल हातोहात द्यावयाचे, ही खलाशाची विद्या. कोळशाच्या काळात आगवाला खाली भट्टीपुढे असे. बंदर आले हे त्यास वरच्या गलक्यावरून कळावयाचे.

१७ जुलै १९४७ रोजी सकाळी 'रामदास' ही बोट भाऊच्या धक्क्यावरून रेवसकडे निघाली. पाऊसवारा होता. काशाच्या खडकाजवळ लाटेने ती कलली, भ्यालेले प्रवासी एका बाजूस लोटले आणि बोट उलटली. सहाशेहून अधिक माणसे गेली. बोटीवर बिनतारी यंत्र नव्हते. मुंबई इतकी जवळ असून तिला बातमी कळावयास कित्येक तास लागले. त्यापूर्वी ११ नोव्हेंबर १९२७ च्या वादळात 'तुकाराम' आणि 'जयंती' याच किनाऱ्यावर बुडाल्या होत्या. 'रामदास'चे नाव निघाले की लोक आषाढी अमावास्येस बोल लावतात. अमावास्या तर दर महिन्यास येते! हवा कशी आहे, बोट किती भरली आहे, हे सारंगास दिसते. पण "आज बोट सोडणार नाही" असे म्हटल्यावर त्याची नोकरी शाबूत राहते काय, हा आमच्या दृष्टीने खरा प्रश्न आहे.

१५ मार्च २०२० रोजी भाऊचा धक्का ते मांडवा रो-रो सुरू झाली; लगेच टाळेबंदी आली, आणि त्याच वर्षी ऑगस्टात ती पुन्हा धावू लागली. ग्रीसमध्ये बांधलेली ही बोट शंभराहून अधिक मोटारी पोटात घेते. रस्त्याने शंभराहून अधिक किलोमीटर पडणारा वळसा सुमारे तासाभरावर आला आहे. मांडव्यास लाटा अडविणारा बंधाराही आहे. सोय मोठी, हे आम्ही मोकळेपणाने मान्य करतो.

परंतु तोल सांभाळण्याचे जुने काम सरले नाही. पूर्वी माणसांचा तोल राखावयाचा, आता मोटारींचाही. जड गाडी कोठे, हलकी कोठे, दोन्ही अंगांस वजन सारखे आहे की नाही, हे पाहणारा माणूस उतरत्या फळीशी उभा असतो. भरती-ओहोटीप्रमाणे त्या फळीचा उतार बदलतो, तोही त्यानेच ओळखावयाचा. सुटीच्या दिवशी मागे रांग लागलेली असते आणि मोटारवाले भोंगे वाजवीत असतात. जागा संपली म्हणून तो हात आडवा धरतो, तेव्हा वरचा साहेब त्याच्या बाजूने बोलतो की मोटारवाल्याच्या, एवढे आम्ही धक्क्यावर उभे राहून पाहत असतो.